जुना दहा चाकी डंपर घेतोय, इंजिन आधी बघू की चॅसी?

लालमाती

नमस्कार मंडळी,

एक जुना डंपर दोन महिन्यांपासून डोक्यात बसलाय. ६ बाय ४ (सहा चाकजागांपैकी चारांना इंजिनाची ताकद), दहा चाकी, पुढे लांब बॉनेट. इंजिन कमिन्स एनटी ८५५, म्हणजे सहा सिलिंडर, १४ लिटर, पीटी पंपवालं. गिअरबॉक्स फुलर रोडरेंजर. हौदा उचलणारा जॅक केबिनच्या पाठीमागे उभा, चार टप्प्यांचा. गाडीत कुठेही इलेक्ट्रॉनिक पेटी नाही. मला ती घ्यावीशी वाटते त्याचं एक कारण हेच आहे.

दुसरं कारण वडील. त्यांनी अशाच गाडीवर उमेदीची वर्षं काढली. सुट्टीच्या दिवशी मी शेजारच्या सीटवर बसून जायचो. हौदा वर जाताना माती सुटायचा जो आवाज होतो तो अजून कानात आहे. पण मला गाडी पुसून-चकाकून उभी करून ठेवायची नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस माती आणि मुरूम वाहायचाय.

गाडी चार वर्षं उघड्यावर उभी होती. मी बघायला गेलो तेव्हा मालकाने एका सेल्फात चालू करून दाखवली, इंजिन आधीच कोमट होतं. चॅसीला नुकताच काळाकुळकुळीत रंग मारलाय. हौद्याच्या तळाला मागच्या बाजूला दोन ठिकाणी बोट जाईल एवढी भोकं आहेत. ब्रेकच्या हवेचा काटा सकाळी शून्यावर होता, इंजिन चालू केल्यावर चढला.

मी ट्रॅक्टरचं इंजिन दोनदा उघडून बसवलंय, वेल्डिंग बऱ्यापैकी येतं. एअर ब्रेकला मात्र कधी हात लावलेला नाही. माझा बेत असा होता की आधी इंजिन पूर्ण उतरवायचं, लायनर (पिस्टन ज्यात खाली-वर होतो ती नळी) आणि पिस्टन बदलायचे आणि मग बाकीचं. बरोबर आहे का? आणि दुसऱ्यांदा बघायला जाताना नक्की काय काय बघू?

---

कमानपाटा

वयाने मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

कोमट इंजिन आणि ताजा काळा रंग, या दोन गोष्टींसाठी तुला परत जावंच लागेल. जाताना खरवडणी, हातोडी, पहार, बॅटरी आणि जाड दोरा घे. मालकाला आदल्या दिवशी सांग की मी येईपर्यंत सेल मारायचा नाही. त्यावर तो कुरकुरला तर तेही लक्षात ठेव.

आता क्रम. तू इंजिनापासून सुरुवात करणार म्हणतोस, मी चॅसीपासून करीन. लायनर, पिस्टन, बेअरिंग, सगळं बदलून मिळतं. एनटी ८५५ जगभर खाणीत, जनरेटरवर, बोटीत चाललेलं इंजिन आहे, त्याची माहिती असलेला मिस्त्री आणि सुटे भाग शोधले की सापडतात. गंजलेली चॅसी बदलायची म्हणजे अख्खी गाडी सुटी करून नव्या लोखंडावर परत उभी करायची.

बऱ्याच डंपरांची चॅसी दुहेरी असते, मुख्य चॅनेलच्या आत दुसरं चॅनेल बसवलेलं. या दोघांच्या फटीत चिखल आणि पाणी शिरतं आणि कधीच वाळत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलले जातात. बोल्ट असतो तिथे पत्रा दाबलेला राहतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फुगतो. दुरून पाहिलं तर चॅसीच्या कडेला लाट आल्यासारखी दिसते. म्हणून दोरा: केबिनपासून मागच्या बिजागरीपर्यंत चॅसीच्या बाजूने ताणून धर आणि फट बघ. हातोडीने ठोकत जा. खणखणीत ठिकाणी आवाज वाजतो, गंजाने भरलेल्या ठिकाणी बद्द येतो. हौद्याच्या जॅकची बैठक, मागच्या दोन एक्सलमधला ट्रनियन ब्रॅकेट (मागच्या कमानींचा भार चॅसीवर घेणारा) आणि हौद्याची मागची बिजागरी, या तीन जागी रंग खरवड. मालकाला आधी विचारून खरवड.

मी हे इतकं सांगतोय कारण एकदा मी स्वतः फसलोय. अशीच काळीकुळकुळीत चॅसी, अशीच गोड चालणारी गाडी. इंजिनावर मी अख्खा पावसाळा घालवला. पहिला भरलेला हौदा उचलला आणि जॅकच्या बैठकीजवळ डाव्या पट्टीला वरच्या कडेपासून चीर गेली. हौदा तिरका झाला. मी केबिनमध्ये होतो, खाली कोणी नव्हतं, म्हणून आज हे लिहितोय. नंतर तो रंग खरवडला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. लोखंडाच्या चॅसीला लांबी! त्या माणसाचा मला आजही राग येतो.

आता इंजिन. थंड असताना, सेल मारायच्या आधी, ऑइलचा तळातला बोल्ट सावकाश ढिला कर. पाणी तेलापेक्षा जड, रात्रभरात तळाला बसतं. आत पाणी असेल तर पहिला थेंब पाण्याचाच येईल. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघड आणि तेलाचा तवंग आहे का बघ. मग चालू कर. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर येणं चालतं, इंजिन गरम झाल्यावर तो जायला हवा. गरम झाल्यावरही पांढराच धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघ. ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेव. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने कॉम्प्रेशन खाली येतंय.

मालकाला एक प्रश्न नक्की विचार: रेडिएटरमध्ये काय भरत होता? साधं पाणी म्हणाला तर लायनरची काळजी कर. या इंजिनाचे लायनर ओले, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात उभे. प्रत्येक स्फोटाला लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या अंगाला पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उचलतो. काही वर्षांत सुईने टोचल्यासारखी भोकं आरपार जातात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. त्यासाठीच कूलंटमध्ये लायनर राखणारं रसायन घालतात. साध्या पाण्यात ते नसतं.

पीटी पंपाबद्दल तुला ट्रॅक्टरच्या अनुभवाने चकवा बसू शकतो. तिथे पंपच मोठा दाब तयार करून नोझलला पाठवतो. इथे पंप कमी दाबाने डिझेल पुरवतो आणि खरा दाब इंजेक्टरमध्ये तयार होतो, कॅमशाफ्ट त्याला वरून दाबते. त्यामुळे टाकीकडून येणाऱ्या बाजूला जुन्या रबरी नळीने जरा हवा ओढली की इंजिन रेस खाली-वर करत बसतं आणि लोक पंपाला दोष देतात. चार वर्षं उभ्या गाडीची टाकी उतरवून धू, नळ्या नव्या टाक, दोन्हीकडचे वॉशर बदल, मग पंपाकडे बघ. आणि पंपावरच्या शटऑफ व्हॉल्व्हला हाताने फिरवायचा एक स्क्रू असतो, वायरिंग बिघडलं तरी गाडी चालू करता यावी म्हणून. तो कोणी आत फिरवून ठेवला असेल तर चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. गाडी चालू केल्यावर चावीने बंद होते का, हे पहिल्या पाच मिनिटांत बघ.

हेड तीन आहेत, एकेकाखाली दोन सिलिंडर. एका ठिकाणी गॅस्केट गेलं म्हणून सगळं उघडायची गरज नसते. तुझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याला हे फार सोयीचं.

एअर ब्रेक. तुला अनुभव नाही म्हणालास, म्हणून हा भाग सावकाश वाच. सपाट जागा, चाकांना दोन्हीकडून गुटके. इंजिन रेसवर ठेवलं की काटा ८५ वरून १०० पीएसआयला ४५ सेकंदांच्या आत जायला हवा. १२० ते १२५ च्या आसपास गव्हर्नर हवा सोडतो. इंजिन बंद कर, पार्किंग ब्रेक सोड, ब्रेक न दाबता एक मिनिट काटा बघ: २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग पेडल दाबून धर, आणखी एक मिनिट: ३ पर्यंत चालतं. नंतर पेडल मार-सोड करत हवा उतरव. ६० च्या सुमारास धोक्याचा इशारा वाजला पाहिजे आणि ४० ते २० च्या दरम्यान मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. सकाळी शून्यावरचा काटा म्हणजे गळती आहे. साबणाचं पाणी घेऊन सांधे शोध.

मागच्या ब्रेक चेंबरच्या पोटात एक दाबलेली स्प्रिंग असते, तिच्यात सुमारे टनभर ताकद कोंडलेली असते. तिचा पट्टा खोलून माणसं मेलेली आहेत. चेंबर गळत असेल तर केजिंग बोल्टने स्प्रिंग बांध, अख्खा चेंबर उतरव, नवा लाव. आत काय आहे ते उघडून बघू नकोस. जुन्या ड्रममधली धूळही हवेने उडवायची नाही. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. पाण्याने भिजवून पूस, तोंडाला नीट मास्क.

जॅकबद्दल थोडक्यात. रिकामा हौदा उचल. सगळ्यात जाड टप्पा आधी निघतो, बारीक शेवटी. मध्येच अडकून झटका देत असेल तर आत ओरखडे आहेत. टप्प्यांच्या अंगावर बोट फिरव, गंजाचे खड्डे लागले तर नवे सील लावूनही महिनाभरात गळेल. हे सगळं करताना हौद्याखाली लोखंडी टेकू असल्याशिवाय डोकंसुद्धा घालू नकोस. हायड्रॉलिकची एक नळी फुटली तर हौदा खाली यायला तुझ्या ओरडण्याएवढाही वेळ लागत नाही.

---

ठिणगी

कमानपाटा काकांनी चॅसीचं सांगितलंय, मी हौद्याचं सांगते. बारा वर्षं वेल्डिंग करतेय, त्यातले अर्धे हौदेच असतील.

भोकं पडलेल्या तळावर वरून नवा पत्रा अंथरायचा मोह सगळ्यांना होतो. आधी वजन मोज. ६ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट एका चौरस मीटरला ४७ किलो भरते. तुझा तळ समज ४.८ बाय २.३ मीटर, म्हणजे ११ चौरस मीटर. अर्धा टन वजन तू कायमचं गाडीवर चढवलंस आणि तेवढी माती प्रत्येक खेपेला कमी झाली. शिवाय दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहणार, म्हणजे चॅसीत जे झालं तेच हौद्यात.

सडलेला भाग कापून काढ. कापताना चांगल्या लोखंडापर्यंत जा, भोकाच्या कडेला थांबू नकोस. ठिगळाचे कोपरे गोल ठेव, काटकोनातून चीर सुरू होते. खालचे आडवे बीम भोकाच्या आसपास नक्की खराब असणार, ते आधी बघ. वेल्डिंगची काडी ई ७०१८, पण भट्टीत वाळवलेली. दमट काडी वापरली तर वेल्डमध्ये हायड्रोजन राहतो आणि दुसऱ्या दिवशी चीर दिसते.

अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्डिंग चालू आहे तिथेच लाव. चॅसीला चिमटा आणि हौद्यावर वेल्डिंग असं केलंस तर करंट बिजागरीतून, जॅकमधून, बेअरिंगमधून वाट काढतो आणि तिथे ठिणग्या पाडतो. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा काढून ठेव.

चॅसीच्या पट्टीवर मात्र तू वेल्डिंग करू नकोस. ट्रकची चॅसी बऱ्याचदा उष्णतेवर कमावलेल्या पोलादाची असते. तापवली की त्या जागची ताकद जाते आणि शेजारीच नवी चीर येते. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोकही पाडायचं नाही. मला ते काम येतं, तरीही मी बनवणाऱ्याच्या सूचना हातात असल्याशिवाय करत नाही.

आणि हौदा किती भरशील तेही आत्ताच ठरव. कोरडी वाळू एका घनमीटरला साधारण १.६ टन, ओली जवळपास २ टन. १० घनमीटरच्या हौद्यात हा फरक चार टनांचा होतो. हौदा तेवढाच भरलेला दिसतो.

---

स्टेपनी

रिम कुठल्या आहेत? जुन्या गाडीवर रिंगवाल्या, दोन-तीन तुकड्यांच्या रिम असतात. रिंग गंजलेली असेल तर हवा भरताना ती गोळीसारखी सुटते. नट ढिले करायच्या आधी जोडीतल्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरची हवा पूर्ण काढायची. भरताना पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभं राहून. शक्य असेल तर एकसंध रिम लाव. बाकी गोष्टी नंतर.

---

मैलाचा दगड

वेगळं मत मांडतो. माझ्या मते घेऊ नका. आठवड्याला तीन दिवस काम हवं असेल तर दहा-बारा वर्षं वापरलेला, चालू कामावरचा डंपर घ्या. जुनी गाडी प्रेमाने घेतली जाते आणि मग तिच्याकडून रोजच्या कामाची अपेक्षा केली जाते. मी तीन वर्षांत एका गाडीवर जेवढे तास काम केलं त्याच्या निम्मेही तास ती धावली नाही. शेवटी विकली तेव्हा फार वाईट वाटलं.

---

कमानपाटा

मैलाचा दगड यांचं म्हणणं खोटं नाही. लालमाती, पहिलं वर्ष ही गाडी तुझं काम करणार नाही असंच धरून चाल. त्या वर्षी माती दुसऱ्याच्या गाडीने वाहा. ही तयारी नसेल तर घेऊ नकोस.

एक राहिलं. मागच्या दोन एक्सलच्या मध्ये जो पॉवर डिव्हायडर (दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणारा) असतो त्याचं लॉक केबिनमधून लागतं का बघ. लॉक चिखलात शिरायच्या आधी लावायचं. चाक एका जागी भिरभिरायला लागल्यावर लावलं तर आतले गिअर फुटतात, आणि नुसतं भिरभिरू दिलं तरी तेल न मिळून जळतात. तळाच्या बोल्टला चुंबक असतो. त्यावर काळी पेस्ट असेल तर नेहमीची झीज, दाताचे तुकडे असतील तर उघडावं लागेल.

इंजिनावर कॉम्प्रेशन ब्रेक बसवलेला आहे का तेही कळव. १९३१ मध्ये कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स स्वतः ट्रकमध्ये होते आणि कॅलिफोर्नियातल्या कॅजॉन खिंडीच्या उतारावर ब्रेकने दगा दिला, खाली फाटकातून रेल्वेगाडी जात होती. थोडक्यात वाचले. पुढे म्हातारपणी त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवायची युक्ती काढली आणि १९६१ मध्ये जेकब्स कंपनीने ती बाजारात आणली. तुझ्या गाडीवर असेल तर दुरुस्त करून घे. भरलेल्या गाडीला उतारावर नुसत्या ड्रमच्या भरवशावर सोडायचं नसतं.

---

लालमाती

काल दुसऱ्यांदा जाऊन आलो. वडिलांना बरोबर नेलं.

मालकाने या वेळी सेल मारला नव्हता. ऑइलच्या बोल्टातून पाणी आलं नाही. रेडिएटरमध्ये तवंग नाही, पण गेली चार वर्षं साधंच पाणी होतं हे त्याने कबूल केलं. थंड इंजिन बराच वेळ सेल मारल्यावर लागलं, पांढरा धूर चार-पाच मिनिटांत गेला. झाकण थरथरलं, उडालं नाही. चावीने इंजिन बंद झालं नाही! बघितलं तर पंपावरचा स्क्रू पूर्ण आत. काका, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी गोंधळलो असतो. कॉम्प्रेशन ब्रेक आहे, तार तुटलेली आहे.

हवा ८५ ते १०० ला ५८ सेकंद. ब्रेक सोडून एका मिनिटात ९ पीएसआय उतरली, आवाज उजव्या मागच्या चेंबरमधून येतोय. त्याला हात लावला नाही. जॅकचे पहिले तीन टप्पे गुळगुळीत, शेवटच्या बारीक टप्प्यावर हाताएवढ्या लांबीत खड्डे. रिम रिंगवाल्याच आहेत.

चॅसी: जॅकच्या बैठकीजवळ खरवडलं, खाली स्वच्छ लोखंड. बिजागरीजवळ थोडे पापुद्रे. डाव्या ट्रनियन ब्रॅकेटच्या वर मात्र दोन चॅनेलच्या फटीत खरवडणीचं टोक बोटभर आत गेलं आणि गंजाची वडी बाहेर आली. दोरा धरल्यावर तिथे ५ मिलिमीटर फुगवटा, लांबी साधारण हातभर. बाकी पट्टी सरळ.

वडील तोवर केबिनमध्ये जाऊन बसले होते. बाहेरून बघितलं तर डोळे मिटून गिअरचा दांडा एकेका जागी नेत होते. उतरल्यावर म्हणाले, क्लच दोनदा दाबायची सवय लावून घे, ही पेटी घाई करणाऱ्याला घेत नाही.

एवढं सगळं बघून काय म्हणता?

---

कमानपाटा

घे, पण एका अटीवर. तो ट्रनियन ब्रॅकेट उतरवून दोन्ही चॅनेल तिथे उघडून बघायची परवानगी मालकाने सौदा पक्का व्हायच्या आधी दिली पाहिजे. गंज हातभरच असेल आणि पत्र्याची जाडी मोजल्यावर शिल्लक असेल, तर आतलं चॅनेल तेवढं मोकळं करून, साफ करून, रंगवून परत बसवता येतं. जाडी गेलेली असेल तर चॅसीचं काम करणाऱ्या जाणकाराचं मत घे, आणि तो नको म्हणाला तर वडिलांसकट परत फिर.

मिळाली तर कामाचा क्रम असा लाव: ब्रेक आणि रिम, मग चॅसी, मग जॅकचा शेवटचा टप्पा आणि हौदा. इंजिनाला फक्त नवं ऑइल, फिल्टर, नीट कूलंट आणि टाकी-नळ्या. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घे. त्यात सोडियम किंवा पोटॅशियम आलं तर कूलंट झिरपतंय, म्हणजे लायनरवर संशय धर. शिसं-तांबं वाढलं असेल तर बेअरिंग. नमुना स्वच्छ आला तर लायनर-पिस्टनला हातही लावू नकोस.

---

लालमाती

मालक तयार झाला. ब्रॅकेट मंगळवारी उतरवतोय, ठिणगीताई जाडी मोजायचं यंत्र घेऊन येणार आहेत, त्यांचे आभार. चॅसी चांगली निघाली तर गाडी लोबेडवर (कमी उंचीच्या ट्रेलरवर) घालून आणणार. टोचन करायचं म्हणत होतो, वडील म्हणाले ब्रेक नसलेली गाडी दोरीला बांधायची नाही.

ब्रॅकेटचे बोल्ट उतरल्यावर तेच परत लावू का?

---

ठिणगी

नाही. नवे घ्या, त्याच व्यासाचे, त्याच ताकदीच्या ग्रेडचे, बोल्टच्या डोक्यावरची खूण बघून. भोकं लंबगोल झालेली असतील तर मला तिथेच दाखवा, बोल्ट घेण्याआधी.